कर्मविपाक आणि करुणा

घरात जन्मलेल्या मुलाला ऐकू येत नाही असे जेव्हा ध्यानात येते, किंवा कालपर्यंत धडधाकट दिसणारा, कॉलेजात जाणारा मुलगा एकाएकी आपल्या अन्नात कोणी विष कालवते असा संशय घेऊ लागतो आणि रात्र रात्र जागून अदृश्य माणसांशी बोलू लागतो, तेव्हा त्या घरात वैद्याच्या आधी एक प्रश्न येऊन उभा राहतो, आणि तो शरीरशास्त्राचा नसून धर्माचा असतो. हे आमच्याच वाट्याला का आले, असे आईवडील स्वतःला विचारतात. आणि त्यांना उत्तर सापडण्यापूर्वीच शेजारीपाजारी, आप्तेष्ट, पंचांग पाहणारे आणि अंगात येणारे यांच्याकडून उत्तरांचा वर्षाव सुरू होतो. कोणी पूर्वजन्मीचे पातक सांगतो, कोणी पितृदोष, कोणी कुलदेवतेचा कोप, तर कोणी करणी. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात 2 कोटी 68 लक्ष व्यक्तींची अपंग म्हणून नोंद झाली. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेने 2015-16 साली केलेल्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी सुमारे दहा टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे, आणि निरनिराळ्या विकारांत सत्तरपासून नव्वद टक्क्यांपर्यंत रुग्णांना कसलाही उपचार मिळत नसल्याचे आढळले. इतक्या कुटुंबांच्या अंतःकरणाशी ज्या प्रश्नाचा संबंध आहे, तो प्रश्न केवळ रूढीच्या हवाली करून स्वस्थ बसणे कोणत्याही विचारी समाजाला शोभणारे नाही.

या बाबतीत आपल्या परंपरेचे सर्वांत परिचित उत्तर म्हणजे कर्मविपाक. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याची एक यादीच आढळते : सुवर्णाची चोरी करणाऱ्याची नखे कुरूप होतात, मद्यप्याचे दात काळे पडतात, ब्रह्महत्या करणाऱ्यास क्षय जडतो आणि गुरुपत्नीशी व्यभिचार करणाऱ्याची त्वचा दूषित होते, आणि याच ओघात जडबुद्धी, मुके, आंधळे आणि बहिरे यांचे जन्मही पापशेषाच्या खाती जमा केले जातात. पुढे या विषयावर स्वतंत्र ग्रंथ रचले गेले आणि त्यांत रोगागणिक पाप व पापागणिक प्रायश्चित्त यांची तजवीज झाली. हे सारे वाचताना एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्यावर ओढवलेल्या दुःखाचा अर्थ लावण्यासाठी एखाद्या माणसाने स्वतःच्या एकांतात हा सिद्धान्त जवळ केला, आणि त्यामुळे त्याच्या मनाला धीर आला, जगाविषयीचा कडवटपणा ओसरला, तर तो त्याचा अधिकार आहे, आणि त्याच्या श्रद्धेत ढवळाढवळ करण्याचे कोणालाही प्रयोजन नाही. परंतु ज्याला ते दुःख भोगावे लागत नाही असा मनुष्य जेव्हा तेच वाक्य दुसऱ्याला ऐकवतो, तेव्हा त्या सिद्धान्ताचे स्वरूप पालटते. जे सांत्वन होते त्याचा निवाडा होतो, आणि साक्षी-पुराव्याशिवाय, आरोपीला कैफियत मांडण्याची संधीही न देता, एका तान्ह्या मुलाला अपराधी ठरविले जाते. कर्मसिद्धान्त हा ज्याने त्याने स्वतःपुरता वापरण्याचा आहे. दुसऱ्याच्या व्यंगाला लावताच तो क्रूर होतो, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

आणि हे सांगणे परंपरेच्या बाहेरून आणावे लागत नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचे विवेचन आले आहे. वात, पित्त, कफ आणि त्रिदोषांचा संनिपात यांपासून होणारे चार आणि आगंतुक कारणाने होणारा पाचवा असे उन्मादाचे प्रकार तेथे सांगितले आहेत; आणि आगंतुक उन्मादाच्या संदर्भात भूतपिशाचांची लोकसमजूत विचारात घेऊनही चरक शेवटी असे बजावतो की, देव, गंधर्व, पिशाच किंवा राक्षस हे कोणाला उगाच छळत नाहीत; मनुष्याची बुद्धी चळते आणि तिच्या हातून प्रमाद घडतो, तेथे या रोगाचे मूळ शोधावे, देवतांना दोष देऊ नये. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानात औषधाचे तीन मार्ग सांगितले आहेत : मंत्र, व्रत, तीर्थयात्रा इत्यादींचा दैवव्यपाश्रय, आहार आणि औषधी यांचा युक्तिव्यपाश्रय, आणि अहितकर विषयांपासून मनाला आवरण्याचा सत्त्वावजय. यांतला एक घेतला म्हणजे बाकीचे दोन टाकावेत असे तेथे म्हटलेले नाही. देव की डॉक्टर असा जो तंटा आज घरोघर चालतो, तो त्या प्राचीन वैद्याला अपरिचित वाटला असता.

महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्राची कथाही या दृष्टीने फार विचार करण्याजोगी आहे. वेदपठणातील चूक गर्भातूनच दाखवली म्हणून कहोड ऋषीने संतापाने आपल्याच मुलाला आठ ठिकाणी वाकडा होशील असा शाप दिला. येथे व्यंगाचे कारण मुलाचे पाप नसून बापाचा क्रोध आहे, आणि हे कथाकार लपवीत नाही. पुढे जनकाच्या सभेत हाच वाकडा मुलगा बंदी नावाच्या विद्वानाचा पराभव करतो आणि आपल्या बापाला सोडवून आणतो. परंतु कथेचा शेवट असा आहे की, समंगा नदीत स्नान करून अष्टावक्र सरळ अंगाचा होतो. मला या शेवटाचे नेहमी नवल वाटत आले आहे. कारण त्याचे ज्ञान वाकड्या शरीरात जितके संपूर्ण होते त्याहून सरळ शरीरात ते अधिक झाले नाही, आणि तरीही कथेला त्याला तसाच राहू देणे जमले नाही. त्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या अद्वैतपर गीतेत मात्र आत्म्याला शरीराच्या आकाराशी कर्तव्यच नाही. अपंगाला बरे केल्याशिवाय ज्या भक्तीला चैन पडत नाही आणि अपंगाला आहे तसाच पूर्ण मानणारी जी दृष्टी आहे, त्या दोहोंतील हे अंतर आजही आपल्या देवळांत आणि घरांत दिसून येते.

इतर धर्मांतही हीच ओढाताण झालेली दिसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात, हा मनुष्य जन्मांध झाला तो स्वतःच्या पापाने की आईबापांच्या, असे शिष्य विचारतात, आणि दोघांच्याही नाही, असे येशू स्पष्ट सांगतो. कुराणाच्या ऐंशीव्या सूरेत एका अंध माणसाच्या येण्याने पैगंबरांच्या कपाळाला आठी पडली म्हणून खुद्द पैगंबरांना ईश्वरी वाणीने दिलेली समज ग्रथित झाली आहे. तो अंध मनुष्य, इब्न उम्म मक्तूम, पुढे अजान देणारा झाला. 1994 साली नॅन्सी आइसलँड या अमेरिकन विदुषीने, जिला स्वतःला जन्मतः हाडांचे व्यंग होते, असे प्रतिपादन केले की पुनरुत्थानानंतरही ख्रिस्ताच्या हातापायांवरील जखमा राहिल्याच, म्हणून ख्रिस्ती माणसाने अपंग देहातही ईश्वर पाहावा. आपल्या प्रांतात केडगावच्या मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी अंध स्त्रियांना आश्रय दिला, आणि त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेऊन ती त्या स्त्रियांना शिकवली, हेही येथे कृतज्ञतेने स्मरले पाहिजे.

परंतु महाराष्ट्राने या विषयात जी स्वतःची भर घातली आहे ती पाहावयाची तर विदर्भाच्या मुलखात गेले पाहिजे, आणि आरंभ ऋद्धिपुरापासून केला पाहिजे. अमरावती जिल्ह्यातील या गावी तेराव्या शतकात गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, होऊन गेले. महानुभाव पंथ ज्या पाच अवतारांना परमेश्वर मानतो त्यांतले हे एक, आणि श्रीचक्रधरांचे गुरू. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या लीळा वाचताना वाचक प्रथम गोंधळून जातो. हा पुरुष क्षणात हसतो, क्षणात रुसतो. दगडाशी आणि देवाच्या मूर्तीशी संवाद करतो. कोणाच्याही घरात शिरून मडक्यातले अन्न खातो. मुलांबरोबर खेळतो, गल्लीबोळांतून मनाला येईल तसा हिंडतो, आणि ज्यांच्या सावलीचाही त्या काळी विटाळ मानीत त्यांच्या वस्तीतही निःशंक जातो. गावातले लोक त्यांना वेडे म्हणत, आणि तेच लोक संकटाच्या वेळी त्यांनाच आई आणि बाप म्हणून हाक मारीत. चरित्रकाराने हे दोन्ही तितक्याच निष्ठेने नोंदवले आहे. देवाचे चरित्र लिहावयाचे म्हणून त्याने वेडेपणाचे प्रसंग गाळले नाहीत, त्यांवर गूढ अर्थांची वस्त्रे चढवून ते सोज्ज्वळही केले नाहीत. मराठी गद्याच्या अगदी पहाटे लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात, लोक ज्याला वेडा म्हणतात तोच परमेश्वर असू शकेल, अशी शक्यता एका संपूर्ण पंथाने आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी ठेवली, ही गोष्ट सामान्य नव्हे.

मात्र येथे एक सावधगिरी अवश्य बाळगली पाहिजे. गोविंदप्रभूंचा उन्मनी भाव आणि स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या तरुणाची व्यथा ही एकच आहे असे म्हणणे त्या दोघांवरही अन्याय करणारे होईल. रोग हा रोग आहे; त्यात भय आहे, निद्रानाश आहे, आणि योग्य औषधाने त्यात उतार पडतो. कोणाच्या यातनेला साक्षात्काराचे नाव देऊन तिचा उपचार तहकूब ठेवणे हे पुण्य नव्हे. ऋद्धिपुराकडून घ्यावयाचा धडा वेगळाच आहे. त्या गावाने राऊळांना साखळीने बांधले नाही, वेशीबाहेर घालवले नाही. त्यांच्या विचित्र वागण्याचा त्रास सोसूनही त्यांना जेवूखाऊ घातले, त्यांच्याशी बोलणे सोडले नाही, आणि त्यांच्या हाती आपल्याला देण्यासारखे काही आहे असा विश्वास ठेवला. आजच्या मनोविकारतज्ज्ञाला रुग्णाच्या घराकडून आणि गावाकडून जे हवे असते, त्यात या तीन गोष्टी अग्रक्रमाने येतात.

महानुभाव पंथाच्या काही मंदिरांत आजही मनोरुग्णांना घेऊन कुटुंबे येतात आणि दीर्घकाळ मुक्काम करतात. अशा एका मंदिराचा अभ्यास करून व्हिडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1987 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातले एक निरीक्षण मन हेलावून टाकणारे आहे. रुग्णाबरोबर आलेल्या बायकांच्याच अंगात येते, आणि घरातील रुग्णाची पीडा आपल्यावर ओढून घेण्याच्या भावनेने त्या हे भोगतात, असे त्यांना दिसून आले. घरातील दुःखाचा अंतिम बोजा स्त्रीनेच वाहावा हा जो आपल्या संसाराचा अलिखित कायदा आहे, तो देवळाच्या आवारातही अंमल गाजवतो. भक्तीचे सामर्थ्य आणि व्यवस्थेचा अन्याय हे दोन्ही त्या एकाच दृश्यात सामावलेले आहेत. त्यातले एक पाहून दुसऱ्याकडे डोळेझाक करणारा अभ्यास अपुरा होय.

देवळातील वास्तव्याने रुग्णाला गुण येतो काय, या प्रश्नाचाही शास्त्रीय शोध घेण्यात आला आहे. ‘निम्हान्स’चे डॉ. रघुराम आणि त्यांचे सहकारी यांनी तमिळनाडूतील मुत्तुस्वामींच्या समाधिमंदिरात राहिलेल्या 31 रुग्णांची लक्षणे आल्या वेळी आणि जाते वेळी मोजली, आणि लक्षणांत सरासरी वीस टक्क्यांच्या जवळपास उतार पडल्याचे 2002 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नमूद केले. तेथे औषध नव्हते, मारहाण नव्हती, विशेष असा विधीही नव्हता. रुग्णाने जवळच्या नातलगासह राहावे, सकाळी पूजेस बसावे, झाडलोट करावी, झाडांना पाणी घालावे, एवढाच तेथील दिनक्रम. हा अभ्यास लहान आहे आणि त्यावरून औषधे सोडावीत असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. पण भीतिरहित जागा, सोबतीला आपले माणूस आणि हाताला काम यांचे मोल त्यातून सूचित होते.

याच तमिळनाडूत एर्वाडी येथील दर्ग्याच्या आसमंतात, श्रद्धेच्या छायेत चालणाऱ्या एका खाजगी मनोरुग्णगृहाला 6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे आग लागली, तेव्हा साखळदंडांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आले नाही, आणि त्यांतील 28 जण मृत्युमुखी पडले. नातलगांनी त्यांना तेथे आणले होते ते बरे व्हावेत म्हणून. या घटनेची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला कोणत्याही रीतीने साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली. महाराष्ट्राने त्याआधीच, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर, ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले होते तो मंजूर केला. भूत उतरविण्याच्या बहाण्याने कोणाला दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हे त्यान्वये गुन्हे ठरतात. पूजाअर्चा, कीर्तन, वारी यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही. श्रद्धा कोठवर आणि छळ कोठून, ही सीमारेषा आखण्याचे काम कायद्याने केले आहे. ती पाळण्याचे काम भक्तांनी केले पाहिजे.

ऋद्धिपूर ज्या जिल्ह्यात आहे त्याच अमरावती जिल्ह्यातील माधान या गावचे गुलाबराव महाराज हे या परंपरेतले दुसरे ठळक नाव. त्यांचा जन्म 1881 चा. वर्षाचेही व्हायच्या आत डोळ्यांच्या विकाराने त्यांची दृष्टी गेली. कुणबी कुटुंबात जन्मलेल्या या अंध बालकाने इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, ते स्मरणात साठवले, आणि 1915 साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवण्यापूर्वी शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना सांगून लिहवून घेतल्या. वेदान्त, भक्तिशास्त्र, आयुर्वेद, संगीत यांबरोबरच डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. ज्ञानेश्वरांची कन्या आणि श्रीकृष्णाची पत्नी या भावाने त्यांनी मधुराद्वैताचे प्रतिपादन केले. लोकांनी त्यांना प्रज्ञाचक्षू म्हटले आणि ते यथार्थच होते. तथापि या गौरवातही एक धोका दडलेला आहे. असामान्य अंधाचे गुणगान करणारा समाज सामान्य अंधाकडूनही चमत्काराची अपेक्षा करू लागतो, आणि ज्याला वेदान्त सांगता येत नाही, जो केवळ शाळेत जाऊ इच्छितो, नोकरी करू इच्छितो, लग्न करून संसार करू इच्छितो, त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणारे आणि त्यांचे शब्द उतरवून घेणारे शिष्य भेटले म्हणून त्यांची प्रज्ञा आपल्यापर्यंत पोहोचली. ज्यांना असे वाचक आणि लेखनिक भेटले नाहीत अशा किती अंध मुलांची बुद्धी आजवर वाया गेली असेल, याचा विचार त्यांच्या उत्सवाला जमणाऱ्या प्रत्येकाने करावा.

आणि तिसरे स्थळ वरोरा. महारोग हा पापाचा सर्वांत ठळक पुरावा मानला गेलेला रोग. त्याच्या जंतूचा शोध 1873 साली नॉर्वेत हान्सेनने लावला, तरी 1898 च्या कायद्याने भिकारी महारोग्याला पकडून कोंडण्याचा अधिकार सरकारास दिला. आणि या रोगाच्या कारणावरून घटस्फोट मागण्याची मुभा तर 2019 साली रद्द झाली. 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी आणि त्यानंतर अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी या रुग्णांच्या सेवेला वाहून घेतले होते. बाबा आमटे यांची कथा मराठी वाचकांना ज्ञात आहे : पावसात पडलेला, रोगाने झडलेला एक माणूस पाहून ते प्रथम भयाने दूर पळाले, आणि त्या भयाची लाज वाटून परत फिरले. 1951 साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीत त्यांचे आनंदवन उभे राहिले. हे कोणाच्या पापाचे फळ, असे तेथे कोणी विचारले नाही. हात झडलेला असला तरी कुदळ कशी धरता येईल, एवढाच प्रश्न होता. रुग्णाला भिक्षेऐवजी श्रम आणि श्रमाचा मान देणे, यात त्यांचे सारे अध्यात्म सामावले होते. ज्यांचा वरोऱ्याइतका गाजावाजा झाला नाही अशा वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनी परतवाड्याजवळ 123 बेवारस, दिव्यांग मुलांना आपले नाव दिले आणि वयाच्या अठराव्या वर्षानंतर अशा मुलांनी जावे कोठे हा सवाल शासनापुढे वर्षानुवर्षे मांडला; 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, परंतु त्यांच्या त्या सवालाचे उत्तर देण्याची जबाबदारी अद्याप आपणा सर्वांवर आहे.

या साऱ्याचा मथितार्थ असा की, व्यंग आणि मनोविकार यांच्यापुढे धर्माने दोन प्रकारचे प्रश्न विचारले आहेत. एक, हे कोणामुळे झाले. दुसरा, आता याच्या सोबतीला कोण. पहिल्याच्या उत्तरातून याद्या, प्रायश्चित्ते आणि साखळ्या निर्माण झाल्या. दुसऱ्याच्या उत्तरातून ऋद्धिपूर, मुक्तिसदन, आनंदवन आणि वझ्झर. गाडगेबाबांनी अंध, पंगू आणि रोगी यांच्या औषधोपचाराला देवपूजेच्या जागी बसवले, तेही या दुसऱ्या प्रश्नाचेच उत्तर होते.

म्हणून वाचकांना, आणि विशेषतः देवस्थानांचे विश्वस्त, पुजारी, कीर्तनकार, मौलवी आणि धर्मगुरू यांना काही विनंती करावीशी वाटते. देवळाच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधावा. कीर्तनात अंधत्व किंवा वेड यांचा दाखला पापाचे फळ म्हणून देण्याचे सोडावे. नवस करण्यास आलेल्या कुटुंबाला, नवस अवश्य करा पण डॉक्टरांच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका, असे पुजाऱ्याने आपल्या तोंडाने सांगावे, कारण त्याचा शब्द तेथे डॉक्टरांच्या शब्दाहून अधिक मानला जातो. मन खचलेल्या माणसासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. तो क्रमांक प्रत्येक मंदिराच्या, मशिदीच्या आणि चर्चच्या फलकावर लिहिलेला असावा. आणि आपल्या शेजारी असे एखादे घर असेल, तर त्याच्या दुःखाचे कारण सांगण्यास जाऊ नये. आठवड्यातून एक दुपार त्या मुलापाशी बसून त्याच्या आईला चार तास मोकळीक द्यावी. एवढे ज्याने केले, त्याने या विषयातील धर्म जाणला असे खुशाल समजावे.